तिसऱ्या फाटकावरचं पाणी

पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल, म्हणजे पीसीटी, ही अमेरिकेत मेक्सिकोच्या सीमेवरच्या कॅम्पोपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत जाणारी सुमारे ४,२६५ किलोमीटरची पायवाट. सलग चालणाऱ्याला साडेचार ते सहा महिने लागतात. या वाटेवर अनोळखी माणसं हायकरांना गाडीतून गावात सोडतात, घरी झोपायला जागा देतात, रस्त्याकडेला शेगडी मांडून जेवू घालतात. अशा माणसाला तिथे ट्रेल एंजल म्हणतात आणि अवचित मिळालेल्या मदतीला ट्रेल मॅजिक. या मदतीतलं एकच प्रकरण इथे तपशिलात घेतलं आहे: सॅन दिएगो काउंटीतल्या सॅन फेलिपे टेकड्यांमध्ये, थर्ड गेट या जागी स्वयंसेवक ठेवतात ते पाणी. ही मदत जितकी मोठी, तितकीच तिच्या भरवशावर निघणं धोक्याचं. असं का, ते किलोमीटर आणि लिटर मांडल्यावर कळतं.

अंतरं

कॅम्पोपासून सुमारे ११० किलोमीटरवर रॉड्रिग्ज स्परला आग विझवण्यासाठी बांधलेली पाण्याची टाकी आहे. १२४ व्या किलोमीटरवर वाट डोंगरावरून उतरून सिझर्स क्रॉसिंगला, दोन हमरस्त्यांच्या चौकात येते. तिथल्या सॅन फेलिपे ओढ्यात पाणी असलंच तर गुरांनी घाण केलेलं, आणि बहुतेक वेळा नसतंच. रस्ता ओलांडला की वाट अँझा-बोरेगो वाळवंटाच्या कडेनं टेकड्यांवर चढते. १४७ व्या किलोमीटरच्या आसपास थर्ड गेट. गुरांसाठी घातलेल्या कुंपणाची फाटकं वाटेत लागतात, त्यातलं हे तिसरं. पुढचं नैसर्गिक पाणी बॅरल स्प्रिंगला, १६३ व्या किलोमीटरच्या थोडं अलीकडे. तिथे झऱ्याचं पाणी नळीनं हौदात पडतं.

म्हणजे सिझर्स क्रॉसिंग ते बॅरल स्प्रिंग हे अंतर ३८ किलोमीटर. मध्ये ना गाव, ना विहीर, ना झरा. सिझर्स क्रॉसिंगलाही पाणी मिळालं नाही तर कोरडा पट्टा रॉड्रिग्जच्या टाकीपासून मोजायचा, आणि तो साडेबावन्न किलोमीटर भरतो. सावली जवळजवळ नाही. वाट डोंगराच्या अंगानं वळसे घेत जाते, दोन्ही बाजूंना निवडुंग, चोया, ओकोटियोच्या काठ्या. सकाळी नऊनंतर उन्हाच्या बाजूचा उतार तव्यासारखा तापतो.

थंडीत इथून का जात नाहीत, हा प्रश्न साहजिक आहे. उत्तर पुढच्या वाटेत आहे. इथून हजारेक किलोमीटरवर सिएरा नेवाडाच्या उंच खिंडी लागतात आणि तिथला बर्फ जूनच्या मध्याआधी पुरेसा वितळत नाही. उलट वॉशिंग्टन राज्यातल्या शेवटच्या डोंगरांत ऑक्टोबरमध्ये नवा बर्फ पडू लागतो. या दोन बर्फांच्या मधे सगळी वाट बसवायची तर कॅम्पोहून मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत निघावं लागतं. त्यामुळे सॅन फेलिपे टेकड्यांत गर्दी होते ती एप्रिल-मेमध्ये, पारा ३० ते ३८ अंशांत असताना.

लिटरांचा हिशेब

३२-३५ अंश तापमानात पाठीवर ओझं घेऊन चढणाऱ्या माणसाला तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं. ताशी ४ किलोमीटर धरले तर ३८ किलोमीटरला साडेनऊ-दहा तास. नुसतं पिण्याचंच पाणी ५ ते ७ लिटर. हे अंतर बहुतेक जण एका दमात चालत नाहीत. मध्ये कोरड्या जागी रात्र काढायची तर रात्रीचं शिजवणं आणि सकाळची कॉफी मिळून आणखी एक लिटर.

समजा, एक हायकर दुपारी अकराला सिझर्स क्रॉसिंगला पोचला. शहाणा असेल तर तो पुलाखालच्या सावलीत साडेचारपर्यंत पडून राहील. मग निघून अंधार पडेपर्यंत १२ किलोमीटर चालेल. उतरत्या उन्हात यात दीड लिटर जातं. मुक्कामाला एक लिटर. पहाटे साडेचारला उठून निघाला की आठच्या सुमारास थर्ड गेट, त्यात सव्वा लिटर. इथवर पावणेचार लिटर संपले. पुढचे १६ किलोमीटर चढत्या उन्हात, चार तास, जवळजवळ अडीच लिटर. बेरीज सव्वासहा. थोडी शिल्लक धरून साडेसहा लिटर घेऊन निघायला हवं, म्हणजे पाठीवर साडेसहा किलो पाणी. तंबू, पांघरूण, कपडे यांचे सात-आठ किलो आणि चार दिवसांचं खाणं वेगळं.

थर्ड गेटला पाणी आहे असं धरलं तर हेच काम चार लिटरांत होतं. अडीच किलो ओझं कमी. निघून पाच दिवससुद्धा न झालेल्या, टाचांना फोड आलेल्या माणसाला हे अडीच किलो किती मोठे वाटतात, ते वेगळं सांगायला नको. सगळी गोम इथेच आहे.

पाणी तिथवर येतं कसं

गाडी पायवाटेपर्यंत जात नाही. बाटल्या जवळच्या कच्च्या रस्त्यापर्यंत गाडीतून येतात आणि शेवटचा चढ माणसांच्या पाठीवरून. नेहमीचं माप म्हणजे एक गॅलनची, ३.७८ लिटरांची प्लास्टिकची बाटली. पाठपिशवीत चार बाटल्या म्हणजे १५ किलो. धडधाकट माणूस एका खेपेत एवढंच नेतो.

किती लागतं, याचा अंदाज परवान्यांवरून बांधता येतो. दक्षिण टोकाहून लांब पल्ल्याला निघणाऱ्यांना हंगामात दिवसाला ५० परवाने मिळतात. सगळे येत नाहीत, काही वाटेतच गळतात, पण थोडंच अंतर चालणारे इतर लोकही असतात, तेव्हा वरची मर्यादा म्हणून ५० हाच आकडा ठेवू. प्रत्येकानं ३ लिटर घेतले तर दिवसाला १५० लिटर. आठवड्याला १,०५०, म्हणजे एक टनाहून जास्त वजन, २७७ बाटल्या, सत्तर खेपा. आठ आठवड्यांच्या हंगामात साडेपाचशेच्या पुढे. हे सगळं स्वतःच्या खर्चानं आणि शनिवार-रविवार मोडून. शिवाय रिकाम्या बाटल्या उतरवायच्या. त्यांचं वजन नगण्य, एकेक साठेक ग्रॅमची, पण आकार मोठा. वाऱ्यावर उडाल्या तर दरीभर पसरतात. म्हणून त्या दोरीत ओवून बांधून ठेवतात.

एवढ्या कष्टाच्या साठ्यात एखादा नवखा हायकर भांडी विसळतो किंवा डोक्यावर बाटली ओततो, तेव्हा कुणाच्या तरी पाठीवरून आलेल्या सत्तरातल्या एका खेपेचा काही भाग फुकट गेलेला असतो.

झरा आणि साठा यांतला फरक

वाटेवरच्या पाण्याची खबर दोन ठिकाणी मिळते. एक म्हणजे स्वयंसेवकांनी चालवलेला पीसीटी वॉटर रिपोर्ट, ज्यात येणारे-जाणारे प्रत्येक झऱ्याची नोंद करतात. दुसरं फारआउट हे नकाशाचं ॲप, ज्यात प्रत्येक जागेखाली लोक शेरे लिहितात. दोन्ही उत्तम आहेत. पण ही नोंद वाचताना बहुतेक जण एक चूक करतात. झऱ्याबद्दलची आणि साठ्याबद्दलची नोंद ते एकाच नजरेनं वाचतात.

बॅरल स्प्रिंगला ‘मिनिटाला दोन लिटर येतंय’ अशी नोंद चार दिवसांपूर्वीची असली तरी आजही तिच्यावर बऱ्यापैकी विसंबता येतं. मधल्या काळात दोनशे लोक पिऊन गेले तरी झरा तेवढाच वाहतो. तो आटतो ते आठवड्यांच्या हिशेबानं. थर्ड गेटला ‘भरपूर पाणी, साठ बाटल्या’ ही नोंद मात्र शुक्रवारी सकाळची असेल तर रविवारी सकाळी तिला काही अर्थ उरत नाही. साठ बाटल्या म्हणजे २२७ लिटर. दिवसाला १५० लिटर उचल असेल तर हा साठा दीड दिवसात संपतो. नोंद खरी असते, लिहिणारा प्रामाणिक असतो, आणि तरीही वाचणारा कोरड्या जागी पोचतो.

त्यात भर म्हणजे चांगली बातमी साठा लवकर संपवते. ‘भरपूर’ वाचून मागचे लोक सिझर्स क्रॉसिंगहून कमी पाणी घेऊन निघतात आणि थर्ड गेटला जास्त उचलतात. एरवी एखादा लिटर वरकड म्हणून घेणारा आता तीन घेतो, कारण त्याच्याकडे खरंच काही उरलेलं नसतं. उष्णतेची लाट आली की दरडोई गरज वाढते, आणि नेमक्या त्याच दिवसांत १५ किलो पाठीवर घेऊन चढणाऱ्या स्वयंसेवकांच्या खेपा कमी होतात.

पीसीटीची देखभाल आणि परवाने पाहणारी पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल असोसिएशन साठ्यांवर विसंबू नका असं सांगते. काहींना तो कोरडा सरकारी इशारा वाटतो. वरचा हिशेब पाहिला तर तो सौम्यच आहे.

साठा रिकामा निघाला तर

समजा, तो हायकर चार लिटर घेऊनच निघाला. आठ वाजता थर्ड गेटला पोचला, पाव लिटर शिल्लक, आणि समोर दोरीत ओवलेल्या रिकाम्या बाटल्या. मागे सिझर्स क्रॉसिंग २२ किलोमीटर, पुढे बॅरल स्प्रिंग १६.

लोक पहिली चूक करतात ती घाईनं पुढे निघण्याची. ‘चारच तास तर आहेत’ असं म्हणून नऊ ते एकच्या उन्हात कोरडा चाललेला माणूस मध्येच बसतो, आणि मग त्याला ना पुढे जाता येत ना मागे. दुसरी चूक उरलेलं पाणी जपून ठेवण्याची. बाटलीत राहिलेल्या पाण्यानं अंग थंड होत नाही. तहान लागली की प्यायचं.

करायचं ते असं. आधी सगळ्या बाटल्या हलवून पाहायच्या, तळाशी राहिलेलं थोडंथोडं मिळून अर्धा लिटर निघतं. मग मिळेल ती सावली धरायची. नसेल तर छत्री किंवा तंबूचं कापड काठ्यांवर ताणून करायची. बसायचं पाठपिशवीवर किंवा गादीवर, तापलेल्या जमिनीवर नाही. सुकं आणि खारट खाणं बंद. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून स्पष्ट मागायचं. दिवसाला चाळीस-पन्नास लोक जातात तिथे कुणाकडे ना कुणाकडे अर्धा लिटर जास्त असतोच. इथे लाज बाळगणारेच अडचणीत येतात. सूर्य कलल्यावर, साडेपाच-सहाला निघायचं. उन्हाशिवाय हेच १६ किलोमीटर निम्म्या पाण्यात होतात. डोक्याला दिवा हवाच, कारण संध्याकाळी खडखड्या साप वाटेवर येऊन पडतात.

डोकं दुखणं, मळमळ, चक्कर ही लक्षणं दिसली तर चालणं थांबवायचं. बोलणं असंबद्ध व्हायला लागलं, तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात आहे, आणि तिथे धीर धरून वाट बघत बसायचं नसतं. अंग उघडं करून ओलं करायचं, वारा घालायचा, आणि सॅटेलाइट यंत्रावरून किंवा सिग्नल मिळेल तिथून ९११ या आणीबाणीच्या क्रमांकाला कळवायचं. मोबाइलचा सिग्नल या टेकड्यांत सगळीकडे नाही.

उलट टोकाची चूकही होते, ती साठा भरलेला असताना. भेदरलेला माणूस तासाभरात दोन-तीन लिटर साधं पाणी पोटात ढकलतो आणि घामातून मीठ गेलेलंच असतं. रक्तातलं सोडियम घटलं की पुन्हा डोकेदुखी, मळमळ, गोंधळ. लक्षणं उन्हाच्या त्रासासारखीच, म्हणून लोक आणखी पाणी पाजतात. ओआरएसच्या दोन पुड्या खिशात असाव्यात, नाहीतर खारे दाणे आणि पाणी सोबत घ्यावं.

घेण्याची रीत

भरलेला साठा दिसला तरी आपल्याजवळच्या पाण्याचा अंदाज घेऊन, बॅरल स्प्रिंगपर्यंत कमी पडेल तेवढंच घ्यायचं. पाटीवर मर्यादा लिहिली असेल तर ती पाळायची. पुढच्या मुक्कामाच्या स्वयंपाकासाठी, कपड्यांसाठी, कुत्र्याच्या अंघोळीसाठी हे पाणी नाही. आधी उघडलेली बाटली संपवायची, मग नवी फोडायची. बाटली वरून ओतायची, आपल्या बाटलीचं तोंड तिला टेकवायचं नाही.

याचं कारण नोरोव्हायरस. २०२२ मध्ये वॉशिंग्टन राज्यात याच वाटेवर त्याची साथ आली होती. शेकडो हात एकाच झाकणाला लागतात अशा जागी तो सहज पसरतो, आणि जुलाब-उलट्यांनी शरीरातलं पाणी गेलेला माणूस या टेकड्यांत फार वाईट अडकतो. हायकर वापरतात तो पोकळ तंतूंचा गाळणा जिवाणू अडवतो, विषाणू नाही. अल्कोहोलचं सॅनिटायझरही नोरोव्हायरसवर फारसं चालत नाही, साबण-पाणी चालतं. सील असलेली बाटली गाळायची गरज नाही. सील फुटलेली, कुणी दुसरीकडून भरून ठेवलेली असेल तर क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या टाकून सांगितलेला वेळ थांबावं.

रिकामी बाटली चेपून दोरीत. पैसे ठेवायची सोय असेल तर ठेवावेत. एक गॅलन पाणी विकत घेऊन तिथवर आणायला लागतो तो खर्च डोळ्यांसमोर ठेवून.

देणाऱ्यांसाठी

सॅन दिएगो शहरापासून कॅम्पो सुमारे ८० किलोमीटर. तिथल्या मराठी कुटुंबांपैकी कुणाला वाटलं की आपणही चार क्रेट पाणी नेऊन ठेवावं, तर आमचं मत स्पष्ट आहे: नवा साठा सुरू करू नका. उन्हाळ्यात गावच्या चौकात पाणपोई घालण्याची सवय असलेल्या आपल्या लोकांना हे कठोर वाटेल. पण पाणपोईला रोज कुणीतरी रांजण भरतं. इथे दोन शनिवार पाणी ठेवून तिसऱ्या शनिवारी मुलांची परीक्षा आली म्हणून न गेलेल्या माणसानं मागच्या दोन शनिवारांच्या नोंदींवर विसंबलेले पन्नास जण उन्हात सोडलेले असतात. संरक्षित वनांत बेवारस सामान ठेवायला बंदीही असते, आणि जमीन कुणाची आहे हे न पाहता ठेवलेलं पाणी नियमानं कचराच ठरतं. पातळ प्लास्टिक उन्हानं तडकतं, उंदीर झाकणं कुरतडतात, खाण्याचं काही ठेवलं तर डोमकावळे आणि कोयोटी जमतात.

चालू साठ्याच्या स्वयंसेवकांना दोन खेपांची मदत करणं जास्त उपयोगी. त्याहून सोपं म्हणजे गाडीरस्ता जिथे वाटेला छेदतो तिथे स्वतः हजर राहणं: पाण्याचे वीस-वीस लिटरचे दोन कॅन, कापलेलं कलिंगड, मीठ-लिंबू, हात धुवायला साबण आणि नळाचा डबा, कचऱ्याची मोठी पिशवी. ताटली प्रत्येकाला वेगळी. चिप्सच्या पाकिटात सगळ्यांनी हात घालू नये, उलटं करून ओतावं. निघताना सगळं परत. आधी जाहिरात करायची नाही, म्हणजे कुणी त्या हिशेबानं पाणी कमी घेत नाही. नर्मदा परिक्रमेतल्या सदावर्तालाही हेच बळ आहे: देणारा जागेवर असतो, आणि आज त्याच्याकडे पीठ नसेल तर पुढचं गाव दाखवतो.

गाडीतून सोडणं ही या भागातली दुसरी मोठी मदत. सिझर्स क्रॉसिंगहून ज्युलियन गाव रस्त्यानं सुमारे २० किलोमीटर. तिथे नळाला पाणी, दुकान, आणि मॉम्स पाय हाऊस, जे परवाना दाखवणाऱ्या पीसीटी हायकरला ‘पाय’चा, म्हणजे फळं भरून भाजलेल्या गोड पदार्थाचा, तुकडा फुकट देत आलं आहे. हात दाखवणाऱ्यानं गाडीला थांबायला मोकळी कड असेल अशा सरळ जागी उभं राहावं, टोपी-गॉगल काढावा, चार दिवसांच्या घामाची पाठपिशवी मागे टाकावी, पेट्रोलचे पैसे विचारावेत. लिफ्ट मिळाली नाही तर काय होतं? तास-दोन तास वाया जातात, पण माणूस हमरस्त्यावरच असतो. तो गोड तुकडा मिळाला नाही तर काहीच होत नाही. थर्ड गेटचं पाणी मिळालं नाही तर काय होतं ते वर आलंच आहे.

देणाऱ्यावरही ताण येतो. याच वाटेवर पुढे आग्वा दुल्से आणि ग्रीन व्हॅलीत दोन घरं अनेक वर्षं हायकरांना अंगणात उतरवून घेत, धुणं-अंघोळ-जेवणाची सोय करत. चालणाऱ्यांची संख्या वाढत गेली, आणि २०२० च्या आगेमागे दोन्ही बंद झाली. त्यांच्या भरवशावर आखणी केलेल्यांना गैरसोय झाली, एवढंच. गावात दुकान होतं, नळ होता.

सिझर्स क्रॉसिंगच्या पुलाखाली बसलेल्यानं ठरवायचं असतं ते एवढंच: साडेसहा लिटर जवळ आहेत का. असतील तर साडेचारला निघायचं आणि थर्ड गेटला पाणी दिसलं तर अर्धा लिटर पिऊन, आभाराची चिठ्ठी लिहून पुढे जायचं. नसतील तर ज्युलियनच्या दिशेनं रस्त्याच्या कडेला जाऊन उभं राहायचं, आणि बाटल्या भरून दुसऱ्या दिवशी दुपारी परत यायचं.